पट्टी शून्यापासून सुरू झाली नाही तर?

एक साधा प्रश्न. फूटपट्टीवर एक वस्तू ठेवली आहे. तिचं एक टोक शून्यावर, दुसरं टोक ६ वर. लांबी किती? ६ सेंटिमीटर. आता तीच वस्तू थोडी सरकवून एक टोक २ वर आणि दुसरं ८ वर आणा. लांबी किती?

तुम्ही हसाल. पण 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणात २०२३ मध्ये देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे ३५ हजार मुलामुलींना अशाच धर्तीचे प्रश्न विचारले गेले. वस्तू शून्यापासून ठेवलेली असताना जवळपास ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. ती सरकवल्यावर बरोबर उत्तर देणारे राहिले ३९ टक्के.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मुलांचा नाही, शाळेचा राग आला. मुलांना मोजता येत होतं, पण शाळेत पट्टी कायम शून्यापासून सुरू होते आणि सुताराच्या दुकानात, शिंप्याच्या टेबलावर, दवाखान्यात ती कधीच तशी नसते. दुकानातल्या टेपचं पहिलं इंच झिजलेलं असतं, म्हणून जुने सुतार १० पासून मोजून १० वजा करतात.

गेल्या काही वर्षांत शाळेबद्दल ज्या बातम्या येतात त्यांचा गोंधळ इथून उलगडायला सुरुवात करू. सहावीपासून व्यवसाय शिक्षण, दप्तराविना दिवस, कौशल्य विषय हे सगळं ऐकून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पालक गटात एकच प्रश्न फिरतो: "आमच्या मुलांना आता सुतारकाम शिकवणार का?" उत्तर हो आहे. पण ते का शिकवायचं, हे ना शाळा नीट सांगते, ना सरकारी परिपत्रक.

नक्की काय बदलायचं ठरलंय?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. त्यातल्या भाषेच्या वादावर भरपूर बोललं गेलं. एक वाक्य मात्र मागे राहिलं: प्रत्येक मुलाने किमान एक व्यवसाय शिकावा आणि आणखी काहींशी त्याची ओळख व्हावी. सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तर घरी ठेवून मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा जाणकारांकडे जावं, असंही त्यात आहे. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा, असं उद्दिष्ट होतं.

त्याचा तपशील २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आला. सहावी ते आठवीच्या टप्प्याला 'पूर्वव्यावसायिक शिक्षण' म्हणतात. म्हणजे धंदा शिकण्याआधीची कामाशी ओळख, पोहायला शिकण्याआधी पाण्यात पाय बुडवून बसावं तशी. त्यासाठी कामाचे तीन प्रकार केले आहेत: सजीवांबरोबरचं काम (शेती, रोपवाटिका, पशुपालन), यंत्रं आणि वस्तूंबरोबरचं काम (लाकूड, माती, वीज, कापड) आणि माणसांच्या सेवेचं काम. दरवर्षी प्रत्येक प्रकारातला एक प्रकल्प, म्हणजे तीन वर्षांत नऊ. वर्षाला साधारण ११० तास. 'कौशल बोध' नावाचं पुस्तक केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये याचसाठी आलंय. नववी-दहावीत हाच विषय थोडा अधिक गंभीर होतो.

बदल एवढाच आहे. याने दहावीनंतर लगेच नोकरी मिळेल, अशी जाहिरात कुणी केली तर सरळ दुर्लक्ष करा. सहावीच्या मुलाने तीन कुंड्या लावल्याने तो माळी होत नाही.

मग उपयोग काय? आधी भाकरीचं बघू

शाळा दोन प्रकारे कामाशी जोडता येते. एक, काम शिकवणं: वेल्डिंग कसं करायचं, शिवण कशी घालायची. दोन, कामातून शिकवणं: वेल्डिंग करता करता धातू, उष्णता, हिशेब, मापं आणि डोळ्यांची काळजी शिकणं. वर्तमानपत्रांत चर्चा पहिल्याची होते. मला महत्त्वाचं दुसरं वाटतं.

ज्वारीची भाकरी घ्या. नवं पीठ असेल तर छान थापली जाते. महिनाभर डब्यात राहिलेलं पीठ असेल तर कडा फाटतात. आजी म्हणते, "पिठाची विरी गेलीय, आधणाचं पाणी घाल." गरम पाण्यात मळलं की भाकरी जमते. हे का होतं? गव्हाच्या पिठात ओढलं तर ताणलं जाणारं प्रथिनांचं जाळं असतं, ते ज्वारीत नसतं. उकळत्या पाण्याने ज्वारीच्या पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. आजीला स्टार्च हा शब्द माहीत नाही. दहावीच्या मुलीला तो पाठ आहे, पण भाकरी फाटल्यावर तिला त्याची आठवण होत नाही. एकीकडे हात आहेत, दुसरीकडे शब्द आहेत, आणि शाळेने मध्ये पूल बांधलेला नाही.

शिक्षणशास्त्रात यालाच 'अध्ययन संक्रमण' म्हणतात, म्हणजे एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरता येणं. शब्द जड आहे, यापुढे नाही वापरणार. पट्टी सरकवल्यावर ८५ चे ३९ का झाले, याचं उत्तर त्यात आहे. शिकलेलं सरकलं नाही.

दहा स्टुलं आणि सात बार

आता मी नेहमी सांगते ते उदाहरण. आठवीच्या वर्गाला सांगा, शाळेसाठी लोखंडी अँगलची दहा स्टुलं करायची आहेत. प्रत्येक स्टुलाला ४५ सेंटिमीटरचे चार पाय, वर ३० सेंटिमीटरच्या चार पट्ट्या, खाली आधाराला तशाच चार. बाजारात अँगलचा बार ६ मीटरचा मिळतो. किती बार आणायचे?

पहिली पायरी सोपी. एका स्टुलाला ४.२ मीटर, दहाला ४२ मीटर. ४२ भागिले ६ म्हणजे ७ बार. पुस्तकी गणित इथे संपलं.

पण थांबा. सगळे पाय एका बारमधून कापत गेलात तर ६०० सेंटिमीटरमधून १३ पाय निघतात आणि १५ सेंटिमीटरचा तुकडा वाया जातो. त्याऐवजी बारमधून १२ पाय आणि दोन ३० चे तुकडे काढले तर ५४० अधिक ६०, बरोबर ६००. शिल्लक शून्य. असे तीन बार. चौथ्यातून उरलेले ४ पाय आणि ३० चे १४ तुकडे, पुन्हा ६००. बाकीचे ६० तुकडे तीन बारमधून. झाले सात. कापण्याचा क्रम शोधावा लागला, तो गुणाकाराने मिळाला नाही.

खरी मजा पुढे आहे. कटर मशीनची चकती प्रत्येक काप घेताना दोन-तीन मिलिमीटर लोखंड खाते. वीस तुकड्यांच्या बारमध्ये १९ काप, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर भुगा होऊन जमिनीवर. शेवटचा तुकडा ३० चा न राहता २५ चा निघतो. कागदावर ७ बार पुरतात, वर्कशॉपमध्ये आठवा आणावा लागतो. आणि दुकानदार बार मीटरवर नाही, किलोवर देतो. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो, मग ४२ मीटरचं वजन काढा, दर लावा, आठव्या बारचा खर्च धरा, वेल्डिंग रॉड, वीज, रंग मिळवा आणि स्टूल किती रुपयांना पडलं ते सांगा. ज्या मुलीने हे एकदा केलं तिला दशांश अपूर्णांक, शेकडेवारी आणि 'वाया जाणं' यांतलं नातं आयुष्यभर विसरता येत नाही. परीक्षेत हेच "एका बारची लांबी ६ मी. असल्यास" म्हणून येतं आणि भुगा तिथे कधीच नसतो.

शेवटी उत्तर बरोबर आहे का, हे बाईंना विचारायला नको. स्टुलावर बसून बघायचं. डगमगलं तर कळलं.

हे काही नवीन नाही, हेही सांगितलं पाहिजे

१८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीने शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतीच्या धड्यांना जोड म्हणून मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल असं छोटं नमुन्याचं शेतही असावं, असं त्यांनी मांडलं. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास शहरापेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो व्यवहाराला कमी उपयोगी असता कामा नये. जवळपास दीडशे वर्षं झाली. नमुन्याचं शेत असलेल्या शाळा आजही बोटांवर मोजाव्या लागतील.

पुढचा मोठा प्रयत्नही महाराष्ट्रातलाच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि 'नई तालीम' सुरू झाली. कल्पना अशी की एक हस्तोद्योग मध्ये ठेवायचा आणि बाकीचे विषय त्याभोवती शिकवायचे. टकळीवर सूत काढताना धाग्याची लांबी मोजली की गणित, कापूस कुठून आला विचारलं की भूगोल, परदेशी कापड का आलं विचारलं की इतिहास. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत या विचाराचा धागा आजही आहे.

पण गांधीजींनी एक गोष्ट जोडली जिने योजनेला शेवटपर्यंत त्रास दिला. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा, विशेषतः शिक्षकाच्या पगाराचा खर्च भागावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेचा कारखाना होईल, मुलं मजूर होतील, हा आक्षेप तेव्हाच आला आणि तो बरोबर होता. विकण्यासाठी केलं की चूक परवडत नाही. आणि चूक करता येणार नसेल तर शाळेत यायचं कशाला?

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' आणला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. या ओळी वाचून चाळिशीपुढच्या वाचकांच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल. आम्हीही केलं कार्यानुभव. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, लोकरीचं फूल, आणि एका वर्षी सुतळीचं पायपुसणं, जे माझ्या आईने विणलं आणि मी शाळेत नेलं. वर्गातल्या साठ जणांना 'अ' श्रेणी मिळाली. आईलाही मिळायला हवी होती.

कार्यानुभव का फसला, हे नीट बघायला हवं, कारण पुन्हा तेच होऊ शकतं. त्याचे गुण कुठेच मोजले जात नव्हते, म्हणून दहावीच्या वर्षी त्याचा तास गणिताच्या सरांना दिला जायचा. पेनस्टँडचा गणिताशी, विज्ञानाशी काही संबंध नव्हता. आणि तो शिकवणाऱ्या बाईंना त्यातलं काही येत नसायचं, त्यांचा विषय मराठी असायचा.

पाबळमध्ये काय वेगळं केलं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे कमी पावसाचं गाव. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे आले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. त्यांचा अंदाज सरळ होता: माणूस हाताने करून, चुकून, पुन्हा करून शिकतो, मग शाळाही तशीच असायला हवी.

त्यांनी आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार केला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक पूर्ण दिवस. एकच धंदा नाही, चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करतात, वीजजोडणी करतात, माती तपासतात, कोंबड्यांना किती खाद्य घातलं आणि वजन किती वाढलं याचा आलेख काढतात, हिमोग्लोबिन तपासतात. मुलगे आणि मुली सगळेच सगळं करतात. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. बहुतेक ठिकाणी न सांगता वाटणी होते, मुलींना शिवण आणि ब्युटी पार्लर, मुलांना मोटार आणि वायरिंग. मग विषय कितीही नवा असला तरी शिकवण जुनीच राहते.

दुसरी युक्ती, शिकवायला गावातलेच हुन्नरी लोक घेणं. ज्याला वेल्डिंग येतं तो वेल्डिंग शिकवतो, त्याच्याकडे बी.एड. नसलं तरी. आणि तिसरी, गावाचं खरं काम करणं. एखाद्या घराचं फाटक दुरुस्त करायचं, आधी खर्चाचा अंदाज द्यायचा, नंतर पैसे घ्यायचे. वर्ध्याच्या आक्षेपाला हे उत्तर आहे असं मला वाटतं: शाळेचा पगार त्यावर चालत नाही, पण काम खोटंही नसतं. अमेरिकेतल्या एमआयटीने २००२ मध्ये आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, याच पाबळमध्ये उभी केली. टकळी आणि लेझर कटर यांत वैर नाही.

"म्हणजे गरिबांच्या पोरांनी गवंडी व्हायचं आणि श्रीमंतांच्या पोरांनी डॉक्टर?"

हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे, आणि याच्याकडे खांदे उडवून चालणार नाही.

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, एक योजना आणली. शाळेची वेळ कमी करून मुलांनी उरलेला वेळ आई-वडिलांचा व्यवसाय शिकावा. वरवर पाहता हेही कामातून शिक्षण. पण आई-वडिलांचा व्यवसाय म्हणजे जातीचा व्यवसाय. न्हाव्याच्या पोराने वस्तरा, चांभाराच्या पोराने रापी, आणि वकिलाच्या पोराने? जातिविरोधी चळवळीचे नेते पेरियार यांच्यासह अनेकांनी याला 'कुलकल्वी', कुळाचं शिक्षण, म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. बरं झालं.

बारा बलुतेदारांच्या महाराष्ट्राला हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. ज्या घरांनी दोन पिढ्या झगडून हातातलं अवजार खाली ठेवलं आणि पेन घेतलं, त्यांना शाळेने पुन्हा अवजार दाखवलं तर संशय येणारच. तो रास्त आहे.

मग फरक कुठे आहे? फरक 'कोण करतं' यात आहे. राजाजींच्या योजनेत मूल स्वतःच्या घरच्या धंद्याकडे जात होतं. आताच्या आराखड्यात, निदान कागदावर, प्रत्येक मुलाने तीनही प्रकारची कामं करायची आहेत. डॉक्टरांच्या मुलीने शेण उचलायचं आणि गवंड्याच्या मुलाने रक्तदाब मोजायचा. असं झालं तर ते जात मोडतं. उलट महागड्या शाळांनी 'कौशल्य' म्हणून रोबोटिक्स आणि कोडिंग घेतलं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वाट्याला फक्त प्लंबिंग आलं, तर मद्रासची योजनाच दुसऱ्या दाराने परत आली म्हणायचं. आपल्या मुलाच्या शाळेत काय निवडलंय आणि शेजारच्या शाळेत काय, हे दोन्ही एकदा विचारून बघा.

"अभ्यास बुडेल त्याचं काय?"

आठवड्याला साधारण तीन तास जातील. पण 'असर'च्याच सर्वेक्षणात चारापैकी एका मुलाला दुसरीचा मराठी किंवा आपापल्या भाषेतला परिच्छेद सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं फक्त ४३ टक्क्यांना. ज्या तासांचं आपण रक्षण करतोय त्यांचा हिशेब हा आहे. स्टुलांच्या दिवशी भागाकार बुडत नाही, तोच करावा लागतो.

मात्र एक कबुली. वाचताच येत नसेल तर औषधाच्या पाकिटावरची सूचनाही वाचता येत नाही, मग कोणतं काम शिकवणार? कौशल्य हे वाचन-गणिताला पर्याय नाही. "आमची मुलं अभ्यासात कच्ची आहेत, म्हणून त्यांना कौशल्य देऊ" असं एखादी शाळा म्हणाली, तर तिने आपलं काम सोडून दिलंय असं समजावं.

"जर्मनीत बघा कसं..."

जर्मनीचं नाव या चर्चेत हमखास येतं, आणि महाराष्ट्राचा तिच्याशी खरा संबंधही आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे कुशल हात कमी पडतायत, इकडे हात भरपूर आहेत.

तिकडची पद्धत दुहेरी आहे. शालेय शिक्षणानंतर मुलगा एखाद्या कंपनीशी किंवा कारागिराशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काम शिकतो, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो, दरमहा विद्यावेतन घेतो आणि दोन ते साडेतीन वर्षांनी परीक्षा देतो. परीक्षा शाळा घेत नाही, व्यापार-उद्योगांची मंडळं घेतात. बेकरीवाला, नळजोडणीवाला, बँकेतला कारकून, सगळ्यांसाठी असा रीतसर अभ्यासक्रम. आपल्या धोरणातच आकडे दिलेत: १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६, भारतात ५ पेक्षा कमी. हे बाराव्या पंचवार्षिक योजनेतले, म्हणजे जुने आकडे आहेत.

त्या ५ मध्ये एक गंमत लपली आहे. 'औपचारिक' म्हणजे कागद असलेलं. आपल्याकडचा गॅरेजमधला पोऱ्या उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षं शिकतो आणि इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, तरी सरकार दरबारी तो अप्रशिक्षित. जर्मनीकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं: त्या उस्तादाला मान, करार आणि परीक्षेत खुर्ची. घेऊ नये ते हे: तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. दहाव्या वर्षी कुणाची वाट ठरवायची? आपल्याकडे असं झालं तर त्या वाटा कुठल्या घरातून कुठे जातील, हे मद्रासने दाखवून दिलंय.

शिकवणार कोण?

इथे मी आशावादी नाही. नववीपासूनचे कौशल्य विषय अनेक शाळांत बाहेरच्या संस्थांनी कंत्राटावर नेमलेले प्रशिक्षक शिकवतात. कमी पगार, पुढच्या वर्षी नेमणूक असेल की नाही हे माहीत नाही. हत्यारांची पेटी कुलपात, कारण काही हरवलं तर जबाबदार कोण? एकाने बोट कापून घेतलं तर पालक काय म्हणतील? हे प्रश्न खरे आहेत. त्यांवर सुरक्षा चष्मे, प्रथमोपचार आणि वीस मुलांमागे एक प्रशिक्षक, एवढं तरी लागतं. पन्नास मुलांना एक हातोडी देऊन कामातून शिक्षण होत नाही. होतं ते फोटोसेशन.

मूल्यमापनाचंही तेच. पुन्हा सगळ्यांना 'अ' मिळणार असेल तर पुन्हा आयाच पायपुसणी विणतील. केलेलं काम शाळेतच, सगळ्यांसमोर करून दाखवायचं, आणि ते का तसं केलं हे दोन मिनिटांत सांगायचं. एवढं केलं तरी पुष्कळ.

"उद्या सगळं एआय करेल" असंही हल्ली ऐकू येतं. करू दे. फाटलेली भाकरी त्याच्या हातात नाही.

नळी

गेल्या वर्षी आमच्याकडे मागच्या अंगणात फरशीचं काम निघालं. मिस्त्रींबरोबर एक पोरगा होता, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत हाताखाली यायचा. कोपरा काटकोनात घेण्यासाठी मिस्त्रींनी लाइनदोरी लावली, एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण केली, तिरकं माप ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवली. पायथागोरसचं प्रमेय माझ्या अंगणात, नाव न घेता. मग दोघांनी पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी घेतली. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला, दोन्हीकडे पाणी थांबलं तिथे पेन्सिलची खूण. मधे पायऱ्या, मातीचा ढीग, काही असलं तरी दोन्ही खुणा एका पातळीत.

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, हे तू शाळेत शिकला होतास ना? पाणी आपली पातळी सारखी राखतं ते?"

तो नळीकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "हो ना, ताई. पण पुस्तकात ती नळी काचेची होती."

मिस्त्रींनी त्याला हाक मारली. नळीत कुठेतरी बुडबुडा अडकला होता, पातळी चुकत होती. तो काढायला हवा, हे त्याला पुस्तकाने सांगितलं नव्हतं.